व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या परिषदेला जावे का, आणि जायचे तर कोणत्या तयारीने?

प्रश्न

नमस्कार. गेली सात वर्षे मी मालाचा साठा, बिले आणि येणी-देणी सांभाळणाऱ्या एका प्रणालीची देखभाल करते आहे. ती संपूर्णपणे व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली आहे. तिचा बहुतेक कोड आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लिहिला होता आणि ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी ही भाषा कोणत्याही वर्गात शिकले नाही. सरांचा कोड वाचत, अडेल तिथे त्यांना विचारत शिकले, आणि आता विचारायला शेजारी कोणी नाही.

फॉक्सप्रोमध्ये काम करणाऱ्यांची तीन दिवसांची एक परिषद लवकरच भरणार आहे. मी परवानगी मागितली तेव्हा वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला: जी भाषा तिच्या निर्मात्यांनीच २००७ मध्ये थांबवली, तिच्या परिषदेत नवीन काय शिकवणार? मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर तो प्रश्न आता माझ्याही मनात घर करून बसला आहे. आमच्याकडे ही प्रणाली बदलून नवी लिहून घ्यावी अशी चर्चा सुरू आहे, परंतु निर्णय झालेला नाही. दरम्यान रोजच्या अडचणी थांबलेल्या नाहीत. सर्वांत मोठी काळजी एका टेबलाच्या मेमो फाइलची, म्हणजे त्यातला लांब मजकूर साठवणाऱ्या फाइलची आहे. ती १.६ जीबीपर्यंत पोहोचली आहे आणि २ जीबीची मर्यादा ओलांडता येत नाही, एवढे मला ठाऊक आहे.

ज्यांनी अशा परिषदांना हजेरी लावली आहे त्यांनी कृपया सांगावे, की तिथे प्रत्यक्षात काय मिळते, कोणती सत्रे निवडावीत आणि जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी. हेच तीन दिवस एखादी नवी भाषा शिकण्यात घालवणे माझ्या पुढील वाटचालीसाठी अधिक शहाणपणाचे ठरेल का, हाही प्रश्न आहेच.

उत्तर १

मी अशा परिषदांना अनेकदा गेलो आहे, म्हणून आपल्या वरिष्ठांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. त्यांची माहिती बरोबर आहे. मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती येणार नसल्याचे जाहीर केले, त्याच वर्षी नवव्या आवृत्तीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, आणि १३ जानेवारी २०१५ रोजी विस्तारित सपोर्टही संपला. मात्र भाषा थांबली म्हणून तिच्या भोवतीचे जग थांबले नाही. विंडोज बदलत राहिले, फाइल सर्व्हर बदलले, सुरक्षेचे नियम कडक झाले, आणि २००४ च्या अखेरीस तयार झालेल्या रनटाइमला (फॉक्सप्रोचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या घटकाला) या सगळ्यांबरोबर जुळवून घ्यावे लागले. हे जुळवून कसे घ्यायचे याचे ज्ञान २००७ मध्ये कोणाकडेच नव्हते. ते नंतरच्या वर्षांत, प्रत्यक्ष प्रणाली चालवणाऱ्या लोकांनी ठेचा खात मिळवले आहे, आणि परिषदेत शिकवले जाते ते हेच.

एक उदाहरण देतो. दोन संगणकांवरून एकच टेबल उघडलेले असते, एका ठिकाणी नवी नोंद जतन होते आणि दुसऱ्या ठिकाणी ती काही सेकंद दिसतच नाही. कोड वीस वेळा तपासला तरी त्यात चूक सापडत नाही, कारण चूक कोडमध्ये नसते. विंडोजने एसएमबी २ ही फाइल-वाटपाची पद्धत आणली तेव्हा क्लायंट संगणक फाइलचा आकार आणि तत्सम माहिती स्वतःजवळ थोडा वेळ साठवून ठेवू लागला. ही मुदत मूळ सेटिंगनुसार दहा सेकंदांची असते. फाइल वाढली आहे हे त्या संगणकाला कळलेलेच नसते, त्यामुळे नवी नोंद त्याच्या लेखी अस्तित्वात नसते. याच्याच जोडीला ऑपोर्च्युनिस्टिक लॉकिंग आहे, ज्यात क्लायंट फाइलचे तुकडे स्वतःकडे धरून ठेवतो आणि मध्येच जोडणी तुटली तर सीडीएक्स इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधण्यासाठीची सूची, बिघडू शकतो. फॉक्सप्रोच्या हेल्पमध्ये यातले काहीही मला सापडले नाही. मला हे एका परिषदेत, दोन सत्रांच्या मधल्या वेळेत, शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी वहीच्या पानावर आकृती काढून समजावले. त्याआधी तीन महिने मी बफरिंगचा कोड उलटसुलट करून पाहत होतो.

दुसरे उदाहरण जुन्या सल्ल्यांचे आहे. इंडेक्स वापरून क्वेरी वेगवान करणाऱ्या रशमोर तंत्राचा पूर्ण लाभ मिळावा म्हणून प्रत्येक टेबलावर, नोंद काढून टाकलेली आहे का हे सांगणाऱ्या "डिलीटेड" या फंक्शनचा इंडेक्स असलाच पाहिजे, असे आम्ही सर्वजण वर्षानुवर्षे मानत आलो होतो. पुढे काहींनी प्रत्यक्ष मोजून दाखवले, की मोठ्या टेबलात काढून टाकलेल्या नोंदी अगदी थोड्या असतील तर तो इंडेक्स नेटवर्कवरून ओढून आणण्यातच वेळ जातो आणि क्वेरी उलट मंदावते. नवव्या आवृत्तीत आलेल्या, केवळ होय-नाही साठवणाऱ्या छोट्या बायनरी इंडेक्समुळे हे ओझे बरेच हलके झाले. आपल्या सरांच्या कोडमध्ये असा इंडेक्स सरसकट घातलेला असेल, तर तो कोणत्या काळातील समजुतीनुसार घातला होता हे आपल्याला कोड वाचून कळणार नाही. ते त्या काळात काम केलेली माणसेच सांगू शकतात.

तयारीविषयी माझा आग्रह एवढाच आहे, की एक ठोस अडचण बरोबर न्या आणि ती लहान करून न्या. "आमची प्रणाली मंद आहे" या वाक्यावर कोणीही मदत करू शकत नाही. त्याऐवजी अडचण दाखवणारे एक टेबल, त्यात बनावट नावे आणि बनावट आकडे भरलेल्या काही हजार नोंदी, आणि पन्नास-साठ ओळींचा प्रोग्रॅम असा संच तयार करा, जो कोणाच्याही संगणकावर दोन मिनिटांत चालेल. ग्राहकांचा खरा डेटा मात्र चुकूनही नेऊ नका. हा संच तयार करतानाच निम्म्या अडचणींचे मूळ सापडते, हा माझा अनुभव आहे. आपली मेमो फाइल हा यासाठी उत्तम विषय आहे.

सत्रे निवडताना व्हर्जन कंट्रोलवरचे, म्हणजे गिटसारख्या साधनाने कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्यावरचे सत्र असेल तर ते सोडू नका. फॉक्सप्रोचे फॉर्म, क्लास लायब्ररी आणि रिपोर्ट हे स्वतःच टेबलांच्या रूपात साठवलेले असतात, त्यामुळे दोन आवृत्त्यांत नेमके काय बदलले हे गिटला दाखवता येत नाही. व्हीएफपीएक्स या समुदायाच्या प्रकल्पसंग्रहातील फॉक्सबिनटूपीआरजी हे साधन त्यांचे वाचता येण्याजोग्या मजकुरात रूपांतर करते आणि परतही आणते. जिथे एकटी व्यक्ती दुसऱ्याने लिहिलेला कोड सांभाळते आहे, तिथे याहून मोठा आधार मला दुसरा दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात २००४ पासून अनेक वर्षे भरलेल्या साउथवेस्ट फॉक्स या परिषदेत वक्त्यांनी स्लाइडवर न थांबता सविस्तर लेखही लिहायचा, अशी पद्धत होती, आणि त्यांपैकी अनेक लेख वक्त्यांनी नंतर आपापल्या संकेतस्थळांवर सर्वांसाठी ठेवले. आपण निवडलेल्या सत्रांच्या विषयांवर असे जुने लेख मिळाले तर ते आधी वाचून जा. सत्रात ऐकण्याऐवजी विचारण्याला वेळ मिळतो.

उत्तर २

वरील उत्तरातील तांत्रिक भाग मला मान्य आहे, परंतु एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. प्रश्नकर्त्यांच्या कार्यालयात प्रणाली बदलण्याची चर्चा सुरू आहे. अशा वेळी परिषदेला जाण्याचे मुख्य कारण "आहे ते नीट चालवणे" एवढेच ठेवले, तर वरिष्ठांना ते पुरेसे वाटणार नाही आणि माझ्या मते ते पुरेसे नाहीही. मी स्वतः दोन स्थलांतरांत, म्हणजे जुनी प्रणाली नव्या तंत्रज्ञानावर नेण्याच्या कामांत, भाग घेतला आहे. पहिले अर्ध्यावर सोडावे लागले, दुसरे पूर्ण झाले, आणि दोन्हींमधील फरक तंत्रज्ञानाचा नव्हता. पहिल्या वेळी जुन्या प्रणालीला पुरते ओळखणारे कोणीच आमच्यात नव्हते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की टेबले एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये नेली आणि फॉर्म नव्या भाषेत लिहिले की काम झाले. प्रत्यक्षात फॉक्सप्रोच्या काही सवयी डेटामध्ये इतक्या खोल मुरलेल्या असतात, की त्या सवयी होत्या हे नव्या प्रणालीत आकडे जुळेनासे झाल्यावरच लक्षात येते. तंतोतंत तुलना करायला सांगणारी सेट एक्झॅक्ट ही सेटिंग बंद असताना फॉक्सप्रो दोन शब्दांची तुलना उजवीकडचा शब्द संपेपर्यंतच करते. त्यामुळे "रामचंद्र" हे "राम" च्या बरोबर आहे का असे विचारले, तर उत्तर "होय" येते, आणि हेच उलट क्रमाने विचारले तर "नाही". कित्येक शोध-फॉर्म या वागण्यावर बेतलेले असतात, आणि तीच अट जशीच्या तशी एसक्यूएल सर्व्हरवर नेली की तिचा निकाल बदलतो.

आकड्यांच्या रकान्यांचेही तसेच आहे. दहा रुंदीचा आणि दोन दशांश स्थळांचा रकाना असेल, तर त्यात दशांश बिंदू धरून दहा जागा असतात, म्हणजे पूर्णांकासाठी सात. परंतु मोठा आकडा आला तर फॉक्सप्रो दशांशाच्या जागा वापरून तो बसवते आणि त्रुटी दाखवत नाही. रचनेचा आराखडा पाहून नव्या डेटाबेसमध्ये रकाना तयार करणाऱ्याला हे कळणारच नाही. डेटा भरण्याच्या रात्री काही नोंदी नाकारल्या जातील आणि त्या नेमक्या सर्वांत मोठ्या रकमांच्या असतील. आमच्या बाबतीत तसेच झाले होते. रिकाम्या तारखेचा प्रश्न तर प्रत्येकाला भेटतो. फॉक्सप्रोमध्ये तारीख "रिकामी" असू शकते आणि ती नलहून ("मूल्य माहीत नाही" या खुणेहून) वेगळी असते, एसक्यूएल सर्व्हरमध्ये अशी सोय नाही. नीट काळजी घेतली नाही तर ३० डिसेंबर १८९९ किंवा १ जानेवारी १९०० या तारखा हजारो नोंदींत उगवतात, आणि "तारीख अद्याप ठरलेली नाही" या अर्थाची नोंद शंभर वर्षांहून अधिक थकीत दिसू लागते.

यात भर म्हणजे अँपरसँडचे (& या चिन्हाचे) मॅक्रो, जे मजकुरात साठवलेले नाव कोड म्हणून वापरतात. टेबलाचे किंवा रकान्याचे नाव प्रोग्रॅम चालू असताना तुकडे जोडून तयार केलेले असेल, तर त्या नावाचा कोडमध्ये कितीही शोध घेतला तरी ते सापडत नाही, आणि "हा रकाना कुठेच वापरात नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. भाषेला युनिकोडचा (सर्व लिप्यांसाठीच्या एका समान अक्षरसंचाचा) आधार नाही, मजकूर कोड पेजनुसार, म्हणजे ठरावीक लिपीच्या अक्षरसंचानुसार साठवला जातो, ही अडचण मी केवळ नोंदवून ठेवतो, कारण तिच्यावर लिहायचे तर वेगळी चर्चा सुरू करावी लागेल.

म्हणून माझा सल्ला असा, की परिषदेत स्थलांतर पूर्ण केलेल्या किमान दोघांना आणि ते सोडून दिलेल्या एकाला गाठा. सोडून दिलेला माणूस व्यासपीठावर सहसा नसतो, तो जेवणाच्या वेळी भेटतो, आणि तो जे सांगतो ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. त्यांना विचारा, की जुनी आणि नवी प्रणाली किती काळ समांतर चालवली, आकडे जुळवण्याचे काम कोणी केले, आणि पहिला अंदाज किती महिन्यांचा होता व प्रत्यक्षात किती लागले. आपोआप रूपांतर करणारी साधने दाखवणारी मंडळीही तिथे असतात. त्यांची प्रात्यक्षिके जरूर पाहा, मात्र त्यांच्या नमुन्याच्या फॉर्मवर समाधान मानू नका. आपल्या प्रणालीतला सर्वांत किचकट फॉर्म, डेटा वगळून आणि कार्यालयाची परवानगी घेऊन, बरोबर न्या आणि त्याचे रूपांतर समोर करून दाखवण्याची विनंती करा.

वरिष्ठांना सांगायचे असेल तर हेच सांगा, की नवी प्रणाली कोणीही लिहिली तरी तिची सर्वांत मोठी जोखीम जुन्या प्रणालीच्या अज्ञानात आहे, आणि ते अज्ञान कमी करण्यासाठी आपण जात आहात. परतल्यावर काय सादर करणार तेही आधीच लिहून द्या. मी माझ्या वेळी पाच पानांचा जोखीम-अहवाल देण्याचे कबूल केले होते आणि परवानगी त्यावरच मिळाली.

उत्तर ३

मी मुख्यतः आपल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते. अशा परिषदेला पहिल्यांदा गेले तेव्हा सभागृहातील बहुतेकांचा अनुभव माझ्या वयाहून थोडाच कमी होता आणि मी पहिला पूर्ण दिवस कोणाशीही बोलले नाही. तो दिवस वाया गेला याची मला आजही हळहळ वाटते, कारण दुसऱ्या दिवशी विचारायला सुरुवात केली तेव्हा एकाही व्यक्तीने "एवढेही माहीत नाही का" असा सूर लावला नाही. उलट या भाषेत कोणी तरुण माणूस अजून काम करतो आहे याचाच त्यांना आनंद होता. म्हणून पहिल्याच सकाळी कोणाशी तरी बोलून टाका.

नवी भाषा की ही परिषद, अशी निवड मला खरी वाटत नाही. नव्या भाषेची वाक्यरचना घरी बसून शिकता येते. वीस वर्षे वाढत गेलेला डेटा कसा वागतो, एखादा नियम कोडमध्ये का आला असेल हे कसे ओळखायचे, चालू कामकाज न थांबवता रचना कशी बदलायची, हे कौशल्य कोणत्याही भाषेत उपयोगी पडते. मी आज मुख्यतः सी शार्पमध्ये काम करते, आणि मला ते काम मिळाले ते जुना डेटा वाचता येतो म्हणून.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. परवानगी मिळाली, परिषदेला जाऊन आले, आणि ज्या मुद्द्यावर ही चर्चा सुरू झाली त्याचे पुढे काय झाले हे कळवणे माझे कर्तव्य आहे असे वाटते.

पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे मेमो फाइलचा छोटा नमुना तयार करून नेला होता. आमच्याकडे प्रत्येक ग्राहकाच्या नोंदीत शेरे लिहिण्यासाठी एक मेमो रकाना आहे आणि प्रत्येक नवा शेरा आधीच्या शेऱ्यांच्या शेवटी जोडला जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो नमुना एका ज्येष्ठ बाईंना दाखवला. त्यांनी कोड पाहण्याआधी एकच प्रश्न विचारला: या १.६ जीबीमध्ये प्रत्यक्ष मजकूर किती आहे? मी ते कधी मोजलेच नव्हते. सर्व नोंदींतील मजकुराच्या लांबीची बेरीज करणारी एका ओळीची क्वेरी त्यांनी लिहून दिली. मी तिथूनच कार्यालयातील सहकाऱ्याला ती बॅकअपवर चालवायला सांगितली आणि उत्तर २१० एमबीच्या आसपास आले.

कारण त्यांनी सविस्तर समजावले. मेमोचा मजकूर ठरावीक आकाराच्या ब्लॉकमध्ये साठवला जातो. मजकूर वाढून त्याला मिळालेल्या जागेत मावेनासा झाला, की फॉक्सप्रो तो संपूर्ण मजकूर फाइलच्या शेवटी नव्याने लिहिते आणि जुनी जागा तशीच सोडून देते. दिवसातून शंभर शेरे जोडले गेले, तर त्यांपैकी बहुतेक वेळा त्या ग्राहकाचा मागचा सगळा इतिहास पुन्हा लिहिला जातो. पॅक मेमो या आज्ञेने ही सोडलेली जागा परत मिळते, पण त्यासाठी टेबल एक्सक्लुझिव्ह, म्हणजे दुसरे कोणी वापरत नसताना, उघडावे लागते. त्यांनी आवर्जून सांगितले, की आधी बॅकअप घ्या, आणि जमल्यास टेबल नव्या नावाने कॉपी करून तपासा व मगच मूळ टेबलाला हात लावा. आम्ही रविवारी तसे केले. फाइल आता आटोपशीर झाली आहे. हा तात्पुरता उपाय आहे याची जाणीव असल्यामुळे शेऱ्यांसाठी वेगळे टेबल करून प्रत्येक शेऱ्याला स्वतःची नोंद, तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव देण्याचे काम सुरू केले आहे. हीच रचना पुढे नव्या प्रणालीतही जशीच्या तशी नेता येईल.

दुसऱ्या उत्तरातील प्रश्नही तिघांना विचारले. दोघांनी सांगितलेला काळ पहिल्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक होता, आणि स्थलांतर सोडून दिलेल्या गृहस्थांनी तर आमच्या रकान्यांची यादी पाहून लगेच विचारले, की कोणत्या रकान्यांत दशांशाची जागा मोडून आकडे भरले आहेत हे तपासले का. परतल्यावर तपासले. असे चार रकाने निघाले, आणि जोखीम-अहवालाचे पहिले पान त्यांनाच दिले आहे.

परिषदेत आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी इथे कोणी सांगितली नव्हती. ज्यांनी मूळ कोड लिहिला त्यांच्यापैकी बरेच जण अजून आनंदाने बोलायला तयार आहेत, फक्त त्यांना नेमके विचारावे लागते. आजवर मी सरांना काही बिघडले तरच फोन करत होते. आता दर शनिवारी एक तास त्यांच्याशी बोलायचे ठरले आहे. ते कोड समोर ठेवून सांगतील, मी लिहून घेईन, आणि लिहिलेले त्याच कोडबरोबर गिटमध्ये ठेवीन. पहिल्या शनिवारसाठी मी सवलतीचा हिशेब करणारे फंक्शन निवडले आहे, ज्यात एका विशिष्ट गटाच्या ग्राहकांना वगळणारी अट आहे आणि ती का आहे हे कार्यालयात आज कोणालाही सांगता येत नाही.